कोसिना बाकावर येईपर्यंत

११ जानेवारी

आजच्या आइस हॉकी सामन्यात दोन गोल मारले! दुसरा तर असा बसला की त्यांचा गोली जाळ्यातून चकती काढताना माझ्याकडेच बघत राहिला. बघ बाबा, बघून ठेव. वाव्रिनेत्स हुडाक. पुढे टीव्हीवर दिसेन तेव्हा बायकोला सांग, यानं मला गोल मारला होता.

आता निवड होणारच. वरच्या लीगमधल्या मोठ्या क्लबात डावीकडून खेळणाऱ्याचा गुडघा गेलाय. जागा एक. त्यांचा माणूस या महिन्यात आमच्याकडे खेळाडू निवडायला येणार — कोच दोलेझल स्वतः म्हणाले. आमच्या लीगमध्ये डावीकडून माझ्याइतकं पळणारा दाखवा कोणी. नाहीच!

१४ जानेवारी

हरलो. माझ्यामुळे, म्हणे.

निदान इथे तरी नीट लिहितो. बर्फावर आमचे पाच जण आणि गोली. मिनिटभर जीव तोडून पळायचं, छाती फुटायला आली की बाकावर यायचं, मग बदली खेळाडू कठडा ओलांडून बर्फावर उतरतो. खेळ काही थांबत नाही. मी उतरतो कॅप्टन कोसिनाच्या जागी. आणि कोसिना येतो कसा? दिवेलागणीला पोट भरून परतणाऱ्या म्हशीसारखा! सदतीस वर्षांचा घोडा. मी एक पाय कठड्यावर टाकून तयार, समोर चकती मोकळी, आणि हा अजून वाटेतच. मारली उडी! शिट्टी. बर्फावर माणूस जास्त — दोन मिनिटं एक कमी घेऊन खेळा. त्या दोन मिनिटांतच गोल बसला.

आत आल्यावर कोच ओरडले, "हुडाक, तुला बाकाला दावणीनं बांधू का?"

कोसिना खाली वाकून स्केटच्या नाड्या सोडत होता. म्हणाला, "असू द्या हो. पोराला माझी तिरडी उचलायची घाई झालीय."

सगळे हसले. मीही हसलो. खोटं.

१५ जानेवारी

सकाळी सगळ्यांपेक्षा जास्त वजन उचललं. कोच बघत होते!

१८ जानेवारी

आईचा फोन, सीमेपलीकडच्या आमच्या गावाहून. "वावर्को, पोटभर खातोस ना रे? ते चेक लोक तुला नुसत्या कणकेच्या गोळ्यांवर ठेवत असतील." मग आवाज खाली. "बाबांनी पबमध्ये सांगून टाकलंय, पोरगा मार्चपर्यंत टीव्हीवर येतोय म्हणून. काय करायचं आता?"

हेच बाबा. मी शाळा सोडली तेव्हा म्हणाले होते, हॉकीनं कुणाचं पोट भरलंय, टायर बसवायला शीक. शिकलोही. आजही कुठल्याही गाडीचं चाक डोळे मिटून काढीन. पण म्हटलं, "आई, सांगू देत. खुशाल सांगू देत! सगळ्या पबला सांगा."

फोन ठेवल्यावर मार्चपर्यंतचे आठवडे मोजले. मग जेवलो.

२१ जानेवारी

आज जेवताना बोललोच. सगळे लसणाचं सूप ओरपत होते. कोसिनाला म्हटलं, "आजोबा, तुम्ही जरा लवकर आलात ना, तर मला उड्या माराव्या लागणार नाहीत."

 आमचा गोली टेबलावर चमचा वाजवायला लागला — "लागली! लागली!"

कोसिनानं पाव सुपात बुडवला, चावला, गिळला. "उद्या आठ वाजता बर्फावर. स्टिक आणू नकोस."

"स्टिक नको? मग काय नाचायचंय तुमच्याबरोबर?"

"तुझ्या गावाकडे नाचतात तसं नाही. इथे पाय बघावे लागतात."

२२ जानेवारी

गेलो. अख्ख्या मैदानात आम्ही दोघंच. मी कठड्यावर, आणि तो येतोय, जातोय, येतोय, जातोय.

"चकतीकडे बघू नको रे गाढवा! चकती सगळ्यांनाच दिसते. माझ्या स्केटचं टोक बघ. चकती पुढे दिली आणि टोक बाकाकडे वळलं, की मी येतोय. तरीसुद्धा माझा हात कठड्याला लागेपर्यंत थांब. मी मधूनच परत फिरलो तर?"

"तुम्ही कशाला परत फिराल? तोपर्यंत तुमचा जीव गेलेला असतो."

"तेच तर."

तासभर म्हाताऱ्याचे पाय बघितले. आईशप्पथ, कुठल्या पोरीकडे इतका वेळ बघितलं नसेन!

२६ जानेवारी

बॅगही उघडली नाही, आधी लिहितो.

मोठ्या क्लबाचा तो माणूस आला होता. करडी टोपी, हातातलं सॉसेज तसंच गार झालेलं. मी पहिल्यापासूनच पेटलेलो. पण तिसऱ्या, शेवटच्या सत्रापर्यंत दोन-दोन बरोबरी, आणि शेवटची काही मिनिटं उरलेली. कोसिना दमून बाकाकडे निघाला. टोक वळलं. माझा पाय कठड्यावर. दोन हातांवर आला असेल — आणि आमच्या पोरानं चकती घालवली! त्यांचा एक लांबडा खेळाडू थेट आमच्या गोलीवर.

सगळं अंग म्हणत होतं, मार उडी. मारली असती तर पुन्हा माणूस जास्त, पुन्हा शिट्टी, आणि त्या टोपीवाल्यासमोर माझं श्राद्ध. पाय तसाच धरून ठेवला.

कोसिनाच्या स्केटचं टोक परत फिरलं. छातीत श्वास नाही, आणि हा परत फिरला! चकतीपुढे आडवा पडला. मांडीवर बसली — आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला असेल. मग उठता येईना. गुडघ्यांवर सरकत, सरकत आला. हात कठड्याला लागला.

मी त्याच्या डोक्यावरून उडी मारली. ते सगळे दमलेले, मी ताजा. चकती उचलली, लांबड्याला मागे टाकलं, गोलीच्या पायांमधून — आत!

तीन-दोन!!

मग जिंकल्यावर सगळ्यांनी हातात हात घालून लोकांसमोर बर्फावर पोटानं घसरायचं असतं, तेही केलं. कोसिना लंगडत आला, पण घसरला. शेजारी पडल्या पडल्या मला म्हणाला, "थांबलास की रे."

"तुमच्यासाठी नाही. टोपीवाल्यासाठी."

"माहीत आहे," म्हणाला, आणि खो खो हसला.

२७ जानेवारी

टोपीवाला सकाळपासून ऑफिसात. कोच आत, मग कोसिनाला आत बोलावलं. साहजिक आहे, माझ्याबद्दल कॅप्टनला विचारणारच. चांगलंच सांगेल. कालच्यानंतर काय वाईट सांगणार?

चांगला शर्ट धुऊन वाळत घातला. आईला अजून सांगितलं नाही. जागा पक्की झाली की मगच.

२९ जानेवारी

मोठ्या क्लबानं कोसिनाला नेलं.

कोच म्हणाले, "उड्या मारणारी पोरं त्यांच्याकडे ढिगानं आहेत, हुडाक. त्यांना तो हवा होता, जो बाकापर्यंत येऊन परत फिरला." सदतिसाव्या वर्षी! जन्मात पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये. लंगडतच गाडीत बसला. जाताना टपली मारली फक्त.

रविवारच्या सामन्यात त्याच्या जागी मी. उतरायचं मला येतं. बाकावर परत कधी यायचं, ते त्याला विचारायचं राहूनच गेलं.