थंडीत पेरलेलं रान

अण्णा, तुमच्या नातीचं रान मी मारलं. खोटं रान, मोबाइलमधलं. पण हात माझाच. चौथीत तुम्ही शाळा सोडवलीत, त्यामुळं लिहायला वेळ लागतोय. तुम्ही गेल्यावर ती झाली, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून आधी तिचं सांगते. शिकली, इथल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत कामाला लागली, आणि उन्हाळ्यात ते काम गेलं. तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून पडून असते. जेवायला बोलावलं तर 'नको'. दुसरा शब्द नाही. मी सर्जापूर रोडच्या फ्लॅटांत चपात्या करायला जाते. जाताना तिच्या खोलीची आतली कडी स्क्रू काढून पिशवीत घालून नेते. का, ते तुम्हाला फोड करून सांगायला नको.

तिच्या हातात तेवढा एक खेळ. एक माणूस, एक पडीक जमीन, एक झारी. मी म्हटलं, "खऱ्या रानात कधी पाय ठेवला नाहीस आणि हे काय?" वाटलं, गप्पच बसेल. तर तिनं फोन माझ्यापुढं धरला. "तूच कर मग, शेतकऱ्याची लेक." मी सगळी जमीन उकरून बी टाकलं. दुपार व्हायच्या आत खेळातला माणूस दमून आडवा. "आई, नव्या माणसानं एवढं लावायचं नसतं. झारीनं पाणी घालून होईल तेवढंच लाव." मग थोडं थोडं सांगत गेली. सकाळी आधी हवामान बघ, पाऊस असला तर पाणी घालू नको, लाकडं तोड. आलेलं सगळं विकू नको, गावातलं कुणी ना कुणी मागतं. ऋतू संपत आला की नवं काही पेरू नको. अंगातलं बळ संपायच्या आत त्याला झोपव. मी म्हटलं, "त्याला झोपवतेस, खायला घालतेस. आणि तुझं काय?" झालं. पुन्हा भिंत. माझी जीभ तुमचीच आहे.

मला अजून दिसतं. दसरा जवळ आलाय, भुईमूग निघालाय, पहाटेचा गारठा सुटलाय आणि तुम्ही भाकरी अर्धी टाकून पेरणीची कुरी जुंपताय. मी म्हणते, "अण्णा, उद्या पेरू की." तुम्ही म्हणता, "ओल तुझ्यासाठी थांबती व्हय?" आणि शाळूच्या बियाणाची बुट्टी माझ्या डोक्यावर ठेवता.

तेच डोक्यात बसलेलं. परवा दुपारी तिचा डोळा लागला होता, फोन उशाशी. खेळात झाडांची पानं पिवळी झालेली, पीक निघून रान मोकळं, उद्यापासून थंडी म्हणून लिहिलेलं. आपल्याकडं थंडी म्हणजे शाळू, हरभरा. मोकळं रान मला बघवेना. तिनं साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं बी मी पेरलं, पाणी घातलं, त्या माणसाला झोपवलं. त्याची सकाळ झाली तर सगळीकडं पांढरं. बर्फ. पेरलेलं सगळं मेलेलं.

ती उठली, फोन घेतला, बघत बसली. आता हेही गेलं तिचं, एवढंच माझ्या मनात.

"आई, कुणी सांगितलं होतं तुला?"

"थंडीत शाळू येतो."

"इथं बर्फ पडतो. ऋतू बदलला की सगळं मरतं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना? पण तुला ऐकायचंच नसतं कुणाचं."

बोलत राहिली, अण्णा. उठून बसली आणि आवाज चढवून बोलत राहिली. शेजारच्या कानडी अक्का दारात आल्या, "स्वल्प हळू," म्हणाल्या. मी म्हटलं, "ओरडू दे तिला."

दम लागल्यावर थांबली. मग विचारलं, "शाळू म्हणजे काय गं?" "थंडीतली ज्वारी," म्हटलं, आणि मी तुमचं सगळं सांगितलं, कुरी, बुट्टी, तुमचं ते खेकसणं. ऐकता ऐकता तिनं एक भाकरी संपवली. मी ताटाकडं बघितलं नाही, उगाच तिच्या लक्षात यायचं.

अजून ती बाहेर पडत नाही. कधी दिवस बरा जातो, कधी नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही आणि तिच्या हाती तर लागूच द्यायचा नाही. कारण खेळातलं सगळं आता मला येतं, अण्णा. तरी रोज मी चुकीच्या दिवसांत चुकीचं बी घेऊन रानात उभी राहते, आणि ती ओरडायची वाट बघते.