बाबांनी दिलेलं हमीपत्र

कोथरूड, ४ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद. तुझा फोन धमक्यांच्या पुराव्यासाठी पोलिसांकडे जमा, म्हणून हे पत्र तनयाच्या हाती. तुझ्या स्कूटरची सीट कुणीतरी फाडली, हेही तुझ्या या बहिणीनेच सांगितलं. बाप शोभेला ठेवलाय.

कामवाल्या बायकांच्या तक्रारी लिहिणं आता पुरे. काल मीच चौकीत तुझ्या वतीने हमीपत्र दिलं: ‘मुलगी यापुढे वारज्याच्या वस्तीत जाणार नाही.’ तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली आहे, मसुदा चोख आहे. साहेबांनी मान डोलावली. आता घरी ये.
काळजीत असलेला,
बाबा

वारजे, ७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. मसुदा चोखच आहे. माझ्या संरक्षणाच्या अर्जावर सरकारी वकिलांनी तो आज कोर्टात वाचला आणि विचारलं, बाई वस्तीत जाणारच नाहीत, तर पोलीस संरक्षण कशाला? सोमवारी निकाल.

घरात बसायला संरक्षण लागत नाही, बाबा, कडी पुरते. सोसायटीच्या सुपरवायझरने तिथे धुणीभांडी करणाऱ्या शकूला मारलं. तिची तक्रार मी लिहिली, तेव्हा आणखी अकराजणी बोलायला तयार झाल्या. आज शकूने विचारलं, ताई, तुम्हीच येणार नाही, तर आम्ही कुणाच्या जोरावर उभं राहायचं?

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. माझी हमी तुम्ही कोण देणार? मला फार राग आलाय. सोमवारी येऊन कागद मागे घ्या. नाही आलात, तरी बुधवारी मी वस्तीत तक्रारी लिहायला बसणारच.
गुडघ्याला तेल लावत जा.
तुमचीच, पण रागावलेली,
अस्मिता

कोथरूड, ११ फेब्रुवारी

चि. अस्मितास,
आशीर्वाद. काल कोर्टात माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून पुन्हा पत्र.

जन्म कोर्टात गेला, पण हमी मागे घ्यायला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पहिल्यांदाच उभा राहिलो. न्यायाधीशबाईंनी विचारलं, मुलीला विचारून हमी दिली होती का? नाही म्हणालो. मग का दिली? भीती वाटली म्हणालो. ती अजूनही वाटते. तुला वस्तीतही संरक्षण द्या, असा हुकूम त्यांनी वाचला, तेव्हा तू शकूकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहत होतो.

तुझं अक्षर कुठल्याच कोर्टाला वाचता यायचं नाही. उद्या तक्रारी मी लिहीन. चौकीत नवं हमीपत्र देऊन आलोय: ‘मुलगी वस्तीत जाणार. सोबत बापही जाणार.’
या वेळी साहेबांनी मान डोलावली नाही.
राग गेला नसला तरी शेजारी जागा ठेव.
बाबा