ओढ्यावरचा बर्फाचा पूल

प्रिय नोएल,

तुमच्या ॲरिझोनात आत्तापासूनच लोक सावली शोधताहेत म्हणे! इथे मार्चचा दुसरा आठवडा आला, तरी डोंगरवाटेवर चार फूट बर्फ आहे. सकाळी सातला तो दगडासारखा टणक असतो, बुटांना खिळे लावून खुशाल चालत सुटावं. अकराला ऊन चढलं की त्याचा पार गिचका भात होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. ते खड्डे रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी घोटा मुरगळतो. पायथ्याच्या फळ्यावर दर शनिवारी वाटेची खबर लिहायचं काम तुझी आई करायची. ती गेल्यापासून, चार वर्षं, मी करतो.

जानेवारीत माझ्या खबरीखाली कुणीतरी खडूने लिहिलं, "माहिती उत्तम, शुद्धलेखन भयंकर." मी आठवडाभर धुमसत होतो. पुढच्या शनिवारी शब्दकोश घेऊन गेलो, तर खाली शेरा आला, "प्रगती आहे."

हे शेरे लिहिणारं कोण ते फेब्रुवारीत कळलं. त्या दिवशी आळसाने मी बर्फावर चालायचे रुंद स्नोशू गाडीतच ठेवले होते आणि दुपारच्या मऊ बर्फात खड्डे पाडत खाली उतरत होतो. मागून एका बाईचा आवाज आला, "काय हो, इथून मूस हरीण गेलं की माणूस?" मी म्हटलं, "माणूस." "मग लाज वाटू द्या थोडी. मूसला मी माफ केलं असतं. आणि फळ्यावर जगाला शहाणपण शिकवणारे तुम्हीच ना?" तिचं नाव हेस्टर पेल्की, नदीपलीकडे मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक बनवते. माझा प्रत्येक खड्डा तिने मला बर्फाने बुजवायला लावला. स्वतः ओंडक्यावर बसून मोजत होती. एकेचाळीस!

तेव्हापासून दर रविवारी आम्ही बरोबर जातो. तेव्हा एकटा फिरतोस म्हणून ओरडू नकोस. गेल्या रविवारी मोठ्या ओढ्यापाशी आलो. वर बर्फाचा पूल दिसायला भक्कम होता. हेस्टर म्हणाली, "खालून पाण्याचा आवाज येतोय, आर्मां. वरच्या अंगाने जाऊ." मी म्हटलं, "तीस वर्षं ह्याच पुलावरून जातोय." तिसऱ्याच पावलाला पूल खचला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात. ती चटकन पोटावर आडवी झाली, पायातला एक स्नोशू काढून माझ्यापुढे धरला आणि ओढायला लागली. स्नोशूची चौकट काडकन मोडली, पण तोवर माझा हात झाडाच्या मुळाला लागला होता. काठावर आल्यावर तिने मला आपले कोरडे मोजे घातले आणि थेट पाकाच्या झोपडीत नेलं. उकळत्या कढईशेजारी बसवून हातात डोनट आणि गोडावर उतारा म्हणून आंबट काकडी दिली, तेव्हा कुठे म्हणाली, "तीस वर्षांत कान एकदाही नेले नव्हते का बरोबर?"

नोएल, मी हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. मग डोळ्यांतून पाणी आलं, ते वाफेवर ढकललं. तिने ते मान्य केल्यासारखं दाखवलं. मी ठणठणीत आहे, साधी शिंकसुद्धा नाही. फळ्यावर लिहिलंय, "ओढ्यावरचा पूल पडला. पडणाऱ्याचं नाव विचारू नये." खाली तिच्या अक्षरात माझं नाव आहे, बिनचूक.

आता खरं काम. हेस्टरकडे स्नोशू नाहीत. तुझ्या आईची जोडी शेडमध्ये खुंटीवर आहे, मी तिला हातही लावलेला नाही. काल ती काढायला हात वर केला, तर हेस्टर म्हणाली, "थांब. आधी मुलीला विचार." मी म्हटलं, "फक्त स्नोशूचं विचारू?" ती लाल झाली आणि म्हणाली, "तुला काय विचारायचं ते तुझं तू ठरव." म्हणून हे पत्र, पोरी. तुला नको वाटलं तर जोडी तिथेच राहील, आणि माझ्या मनात काही राहणार नाही. फोन मात्र करू नकोस, माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. दोनच ओळी लिही. बर्फ अजून तीन आठवडे टिकेल.

तुझाच,
पापा