शिजलेलं विकू नये

मरून इतकी वर्षं झाली तरी या घरात शेवटचा शब्द तुमचाच चालतो, हे काही बरं नाही. आम्ही जिवंत माणसं काय नुसती भांडी घासायला उरलोय? बाकी आत्या, असाल तिथं सुखात असा. तुम्ही होतात तेव्हा सासूशी भांडायची सोय नव्हती, म्हणून आता लिहिते. सून चौथीपर्यंतच शिकलेली, अक्षराला हसू नका.

तुमच्या नातवाची पोरगी पालघरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात सरांनी विचारलं, शिकून धंदा कोणाला करायचाय? दुकानदारांच्या पोरांचे हात लगेच वर. ज्यांचे बाप कंपनीत, ती आधी एकमेकांकडे बघत बसली. आमचीनं हात कानापर्यंत नेला आणि केस सारखे करून खाली घेतला. घरी येऊन मला सांगते, मी केळफूल सोलत बसलेली.

“आजी, धंदा करावा असं मनात कशानं येतं गं?”

“पोटानं येतं. आणखी कशानं येणार?”

“आणि जातं कशानं?”

हाताला चीक तसाच, मी पुढची पाकळी सोलली.

तिला बोईसरला खोल्या घेऊन राहणाऱ्या, कंपनीत कामाला जाणाऱ्या पोरींना डबे द्यायचेत. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी. पाम गावच्या रस्त्याकडची आपली पडवी त्यासाठी हवी आहे. बापानं मात्र तो कामाला आहे त्या कंपनीत तिच्यासाठी ऑफिसातली जागा बोलून ठेवली आहे, आणि उद्या त्याला साहेबांना कळवायचंय. डब्यांचं नाव काढलं तर म्हणतो, “माझी आजी काय सांगायची? वाडीतलं विका, शिजलेलं विकू नये.” झालं. तुमचं नाव आलं की पोरीचं तोंड बंद.

तो दिवस मला अजून दिसतो. बोईसरला कारखाने नवे नवे उठतायत. भर दुपारी घाटावरचा एक कामगार आपल्या कुंपणाशी उभा. “मावशी, रोज दोन भाकऱ्या द्याल का? पैसे देईन.” मी चुलीपासून हो म्हणते, तोवर तुम्ही हात पुसत पुढे. “चुलीवरनं उतरलं त्याला भाव नसतो. बस, जेव.” पोटभर वाढलंत, जाताना ओच्यातले चिकू दिलेत. गावभर तुमची दानत गाजली, आणि ती होतीच, कोण नाय म्हणतं? पण तो परत आला नाही, आत्या. लाज असलेला माणूस रोज फुकट जेवायला येतो होय? भाव सांगितला असतात तर मान वर करून आला असता. माझ्या मनात तेव्हा जे आलं होतं ते तिथंच चुलीत गेलं. मग जन्मभर मी वांगी विकली, केळी विकली, पानं विकली. पण वाडी तुमची होती. माझा हात चालायचा तो चुलीवर.

काल मुलाला विचारलं, “कँटीनात रोज कुपन देऊन जेवतोस, तेव्हा आजी आठवत नाय?”

“तिथं रांधणारी माझी पोरगी नाय, आई.”

खरं काय ते निघालं. तुमचा शब्द म्हणजे वरचं झाकण. तो वाईट नाही. ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं राबला, आज काम तर उद्या गेटाबाहेर. म्हणून पगाराची खुर्ची त्याला देवासारखी वाटते. वर लोक म्हणतील, शिकलेली पोरगी दुसऱ्यांचे डबे भरते. भीती आहे, लाज आहे, असू दे. पण स्वतःची म्हणून सांगावी, मेलेल्या म्हातारीच्या पदराआड लपून नको. पोरांच्या मनात धंदा कुठून येतो ते सर शोधोत. आला तर टिकतो की नाही, ते घरातलं कोण तोंड वाकडं करतं त्यावर असतं, एवढं मला कळतं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, तुमच्या फोटोपुढंही ठेवायचा नाही. फोटोकडे पाठ करून लिहिलाय. समोर बसून अजूनही माझ्याच्यानं झालं नसतं. सकाळी पोरगी बापाला पडवीचं विचारणार आहे. तेव्हा तुम्ही मधे यायचं नाही. उत्तर त्यानं द्यायचं, आपल्या तोंडानं, तिच्या डोळ्यांत बघून.