चिरलेली भाकरी

नळदुर्ग, २२ मे १९५८, संध्याकाळ

आज ताटात अख्खी भाकरी आली अन् हातानं ती आपसूक बाजूला सारली. सासूबाई म्हणाल्या, "कुणासाठी ठेवलीस गं?"

मी सांगितलं, माहेरी, ईट गावी, धाकटा भाऊ दिगू कडा चिरलेली भाकरी दिसली की किंचाळून डोकं आपटायचा. म्हणून अख्खी त्याला, चिरलेली मला. अजून मला चिरलेलीच गोड लागते. एवढा मोठा झाला, पण कधी बोलला न्हाय, माझ्याकडं नीट बघितलं न्हाय. मी सासरी आले हे त्याला कळलं तरी असंल का?

माहेरहून आलेले मामा ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, "पोरी, चिरलेली भाकरी तो रोज तुझ्या पाटावर नेऊन ठेवतो. कुणाला शिवू देत न्हाय."