संगमरवरी पाटीमागचा स्विच

३ फेब्रुवारी, एनुगु, नायजेरिया.
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांना ही सवय असते. मिशन हॉस्पिटलचा हंगामी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून दोन वर्षं घासली. एकवीस तारखेला बिशपसाहेब नव्या ऑटोक्लेव्हचं उद्घाटन करतील आणि तिथेच माझ्यामागचं 'हंगामी' पुसतील. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारं एवढं मोठं मशीन आणलं कोणी? मी.
निश्चय: मेट्रन ओब्याजेलीशी वाद घालायचा नाही.

६ फेब्रुवारी, सकाळ.
वाद झाला. तपासणीवाला सांगून गेलाय, मशीनशेजारी, समोर दिसेल असा स्विच हवा, लाईन आणि जनरेटर दोन्ही एकदम तोडणारा. मी म्हटलं, खाली मेन स्विच आहे की. मेट्रन सगळ्यांसमोर हसली. म्हणे, अहो साहेब, लाईन गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, तुम्हीच तर फुशारकी मारत फिरता! मग मशीनमध्ये हात घातलेल्याने काय देवाचा धावा करायचा?
स्विच बसवायला सांगितला. तिच्यामुळे नव्हे. मला आधीच सुचलं होतं.

११ फेब्रुवारी.
बसला. लालभडक, बटबटीत. इलेक्ट्रिशियन बोनिफस त्याच्याकडे पोटच्या पोराकडे बघावं तसा बघतो.

१५ फेब्रुवारी.
उद्घाटनाची संगमरवरी पाटी आली. वर बिशपसाहेब, खाली मी. माझ्या पदव्या घालता घालता जरा वाढली, खिडकीएवढी झाली. फोटोत येणारी भिंत एकच, आणि तिथे नेमका तो स्विच. गवंडी म्हणाला, चौकट पुढे काढू, स्विच आत राहील. हुशार माणूस! नियमात म्हटलंय स्विच असावा. आहेच की.
बोनिफसने कपाळावर हात मारला. ओगा, अहो साहेब, आता माझा हात आत जाणार कुठून? मी म्हटलं, उद्घाटन होऊ दे, मग बघू.

२० फेब्रुवारी.
मेट्रन दारात उभी. साहेब, पाटी काढा, नाहीतर माणूस बाहेर काढावा लागेल. काय अभद्र बोलते ही बाई! पोटात दुखतंय, दुसरं काय.
बिशपसाहेबांच्या भाषणात धडधड नको म्हणून जनरेटर बंद ठेवलाय, बोनिफसला तसं सांगितलंय. उद्याचा निश्चय: हसायचं, पण दात न दाखवता.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ.
लिहावंसं वाटत नाही.
सकाळी मनात आलं, ऐन भाषणात लाईन गेली तर? म्हणून जनरेटर पुन्हा ऑटोमॅटिकवर टाकला. बोनिफसला सांगायचं राहिलं. गडबड किती होती!
रिवाजाप्रमाणे मानाची कोलाची बी फोडताना म्हाताऱ्यांनी झाडून सगळ्या पूर्वजांना आवतण दिलं. मग बिशपसाहेबांनी मशीनवर पवित्र पाणी शिंपडलं. सढळ हाताने शिंपडा, असं मीच कानात सांगितलं होतं. मशीनमधून ठिणग्या! मी जिवाची पर्वा न करता खाली धावलो, मेन स्विच पाडला आणि ओरडलो, सगळं बंद, वायर काढायला घाल हात! बोनिफसने घातला.
जनरेटर लगेच सुरू झाला. मी नेहमी सांगतो, एक नंबर जनरेटर आहे.
वरून धाडधाड ऐकू आलं. मला वाटलं, माझ्यासाठी टाळ्या. वर गेलो तर मेट्रन जेवणाच्या तयारीतलं याम कंद कुटायचं मुसळ घेऊन पाटी फोडत होती. आधी पदव्या गेल्या, मग बिशपसाहेब. लाल स्विच दिसला, तिने खाली ओढला. बोनिफस धाडकन पडला. श्वास चालू होता. देवा, तुझे उपकार.

२३ फेब्रुवारी.
बोनिफसला बघायला गेलो. उजवा हात कोपरापर्यंत बांधलाय, दोन बोटं जातील म्हणतात. मी नेलेली फळं त्याच्या बायकोने उचलून दाराबाहेर ठेवली. मला फार लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन शांतपणे विचार केला. पाणी जास्त झालं.

२७ फेब्रुवारी.
बिशपसाहेबांचा फोन. 'हंगामी' पुसलं. त्याच्यापुढचंही. हॉस्पिटल आता मेट्रन बघणार.

१ मार्च.
सामान आणायला गेलो. सगळी पाटी काढली आहे, फक्त एक तुकडा निघेना म्हणून भिंतीवर तसाच ठेवलाय, नेमका स्विचच्या वर. माझं पूर्ण नाव आहे त्यावर. त्याखाली मेट्रनने लाल रंगात, लांबून दिसेल असं लिहून घेतलंय: गडबड झाली तर आधी हे बंद करा.
उद्यापासून रोजनिशी बंद.