उपाशीपोटी गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ. नोएडा.

आज हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं, झालं नाही. सकाळी सिस्टरने दोन गोळ्या दिल्या. एक भुलीनंतर उलटी होऊ नये म्हणून, दुसरी मन शांत राहावं म्हणून. घोटभर पाण्याबरोबर, बस. ती वळताच बायकोने, सुमनने, माझ्या तोंडात बेसनाचा लाडू कोंबला. "रिकाम्या पोटी गोळ्या? पित्त होईल!" घरची रीतच ती, मीही मुकाट्याने गिळला.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "कुछ खाया तो नहीं?"

दिल्लीच्या करोल बाग बाजारात धंदा केलाय, थाप सहज मारली असती. पण भुलीत तो लाडू उलटून श्वासात अडकला तर? सांगून टाकलं. बाई कडाडल्या, सुमन रडली. गोळीच्या कृपेने मी एकटाच निवांत!

ऑपरेशन उद्यावर गेलं. डोळे मिटून पडलो होतो, कान मात्र जागे. सुमन सिस्टरला हळूच विचारत होती, "कल वाली गोली दूध के साथ तो चलेगी ना?"